बकऱ्या वेलीत शिरल्या

"लांब्रोऽऽ! बकऱ्या वेलीत शिरल्या रेऽऽ!"

तीस वर्षांपूर्वी हा आवाज आमच्या लिथोरी गावावरून वाहत यायचा. स्तामातिया आजीच्या गच्चीवरून निघायचा, चर्चच्या घंटेला वळसा घालायचा, अक्रोडाच्या पानांतून खाली गळायचा आणि मी जिथे कुठे दगड रचत असेन तिथे येऊन माझा कान धरायचा. आजी मूळची गाणारी बाई. गावात कुणी गेलं की उशाशी बसून तिथल्या तिथे शोकाच्या ओळी जुळवणारी. त्यामुळे तिच्या नुसत्या हाकेलाही चाल असे. पहिला शब्द उंच, मधले तीन पायऱ्या उतरल्यासारखे, आणि शेवटचा 'रे' दरीच्या तळापर्यंत.

आता खरं सांगायचं तर आजीकडे बकरी एकच होती, तीही एका डोळ्याने अधू. द्राक्षाची वेल त्या उतारावर कुणाचीच नव्हती. हाकेचा अर्थ एवढाच, की पोलिसांची जीप तिसऱ्या वळणावर दिसली आहे. मग अल्बानियातून डोंगर ओलांडून आलेले आम्ही बिनकागदाचे जे कोण असू, ते हातातला दगड खाली ठेवून धूम ठोकायचो. ठेवून बरं का, टाकून नव्हे. आमच्या आर्गिरिस मिस्त्रींचा हुकूमच होता, "पोलीस येवोत नाहीतर भूकंप, दगड आपटायचा नाही. फुटतो." दगड हळूच ठेवायचा आणि मग संत इलियाच्या देवळामागून चढून धनगराच्या वाड्यात मेंढ्यांमध्ये जाऊन बसायचं.

लांब्रोस हे माझं नाव नव्हे. कागदावर मी बेस्निक जोका. पण मी या गावात उतरलो तो ईस्टरचा दुसरा दिवस. ईस्टरला इकडे लांब्री म्हणतात. आजीने माझ्या हातात पाव आणि लाल रंगवलेलं अंडं ठेवलं, नाव विचारलं, ऐकलं, मान हलवली आणि म्हणाली, "तू आजपासून लांब्रोस. ते दुसरं नाव खिशात ठेव, पडेल कुठेतरी." मी ते खिशात ठेवलं, आणि इतकं सांभाळून ठेवलं की तीस वर्षांत ते कुणाच्या दृष्टीसही पडलं नाही. पुढे माझी जी फजिती झाली ती या सांभाळण्यामुळेच.

यथावकाश मला कागद मिळाले. पळापळ संपली. बायको द्रिता आली, मुलगी अर्येता झाली, मी पक्का रहिवासी ठरलो. पक्का रहिवासी ही फार प्रतिष्ठेची गोष्ट आहे. फक्त निवडणुकीच्या दिवशी तिची प्रतिष्ठा जरा उतरते. मतदान असतं शाळेत, आणि शाळेसमोर पागोनाचं कॉफीचं दुकान. त्या सकाळी पागोना हात पुसत येणार आणि म्हणणार, "लांब्रो, तुला काय काम नाहीच आज. जरा दुकान बघ हं, आम्ही मत देऊन येतो." मग अख्खं गाव नवे कपडे घालून शाळेत, आणि मी कॉफीच्या भांड्यापाशी. माझ्या सोबतीला चिनाराखाली बांधलेलं स्तामातिया आजीचं गाढव. मत न देणारे तिथे आम्ही दोघेच. पण गाढव ते मनाला लावून घ्यायचं नाही.

आणि दुकानातून समोर दिसते काय, तर शाळेची भिंत.

तिच्याविषयी जरा थांबून सांगायला हवं. पन्नास पावलं लांब, माणसाहून उंच, चुना नाही की सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. पंच्याण्णव साली पावसाने जुनी भिंत ढासळली, आणि नवी बांधायला घेतली त्याच आठवड्यात मिस्त्रींची कंबर धरली. ते अंथरुणात, मी भिंतीवर. बेचाळीस दिवस मी एकटा होतो. मध्ये तीन वेळा आजीच्या बकऱ्या वेलीत शिरल्या, ते दिवस धरून बेचाळीस. दगड बसेना की मिस्त्रींनी शिकवलेलं गाणं म्हणायचो:

*दगडा रे दगडा, कूस वळव जरा,*
*शेजारी आलाय, दे त्याला आसरा.*

आणि खरंच, दोनदा-तीनदा फिरवला की तो कूस वळवून बसायचा.

आमच्याकडे चाल अशी, की बांधकाम पुरं झालं म्हणजे कोपऱ्याच्या दगडावर गवंड्याने आपलं नाव आणि साल कोरायचं. पुऱ्या झालेल्या भिंतीपाशी मिस्त्री काठी टेकत आले, छिन्नी काढली आणि कोरलं, 'आर्गिरिस, १९९५.' मी विचारलं, "मिस्त्री, कशी झालीय?" ते म्हणाले, "हिवाळा जाऊ दे, मग बघू."

हे त्यांचं ठरलेलं. कुठल्याही कामाला 'छान' म्हणून त्यांनी तोंड विटाळलं नाही. हिवाळे येत राहिले, जात राहिले. प्रवासी येऊन भिंतीचे फोटो काढू लागले, मिस्त्री त्या दगडाला टेकून उभे राहू लागले, आणि मी समोरून कॉफी नेऊन देऊ लागलो. बोललो कधी नाही. खिशात नाव होतंच, शेजारी हेही ठेवून दिलं.

अर्येता त्याच शाळेत शिकली, त्यामुळे ती माझ्या आधी नागरिक झाली. गेल्या खेपेला मत द्यायला ती त्या दारातून आत गेली, बाहेर आली आणि माझा चेहरा बघून म्हणाली, "बाबा, आत काहीच नाहीये हो. एक पडदा आणि एक पेटी."

"मग मलाही एकदा बघू दे ना ते काहीच नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी नागरिकत्वाचा अर्ज आणला.

अर्ज एकट्याने भरायचा असतो हा माझा गैरसमज. तो पागोनाच्या दुकानात, सर्वांच्या चष्म्यांतून भरला गेला; नावाचा रकाना तेवढा मी रात्री घरी भरला. पागोनाचं मत, फोटोत मिशी नको, मिशीमुळे मी काहीतरी लपवतोय असं वाटतं. निवृत्त शिक्षक फोतिस गुरुजींचं मत, मिशी काढली तर मी मिशीच लपवतोय असं वाटेल. शेवटी अर्धी कापली. तो फोटो आजही सरकारदरबारी आहे. त्यात मी शिंकेच्या ऐन आधीचा माणूस दिसतो.

परीक्षेची तयारी गुरुजींनी घेतली. मी पडवी बांधतोय आणि गुरुजी खाली खुर्ची टाकून बसलेत, "लांब्रोस, संसदेत सभासद किती?" मी वरून, "तीनशे गुरुजी, आणि ती फटीत ठोकायची दगडाची चिप द्या इकडे, तुमच्या पायाशी आहे ती." नद्या, पर्वत, राज्यघटनेची कलमं यांच्यावर मी चार पडव्या बांधल्या. एके दिवशी तेच प्रश्न गुरुजींनी दुकानात सगळ्यांना विचारले. नंतरचे नऊ दिवस गावात गुरुजींशी कुणी बोललं नाही. मी मात्र पास झालो, चांगल्या गुणांनी. निकालाचा कागद मी नावाची कड दुमडून दिला, तो पागोनाने साखरेच्या बरणीवर चिकटवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली, "आमचा लांब्रोस. आमच्यातल्या कुणाला येत नाही ते सगळं येतं त्याला."

खरी अडचण निघाली माझ्या जन्मात. जन्मदाखला हवा होता. मी जन्मलो ते गाव आता धरणाखाली आहे. सरकारी कचेरीच्या खिडकीतल्या बाईंनी नकाशा पाहिला, यंत्रात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"असं गाव नाहीये."

"होतं बाई. आता वर पाणी आहे."

"पाण्यात जन्मलात असं कसं लिहू?"

"तेव्हा कोरडं होतं हो."

बाई फार सज्जन होत्या. त्यांनी उसासा टाकला आणि आणखी चार कागद मागितले. ते आणायला मी दोनदा सीमेपलीकडे जाऊन आलो. अखेर एका म्हाताऱ्या कारकुनाने तळघरातून एक वही काढून माझा जन्म शोधला. पानाच्या कडा ओल्या होत्या. धरणाचं पाणी नव्हे, नळ गळत होता. पण माझा ऊर भरून आला. आपण जन्मलो याचा लेखी पुरावा पाहणं ही साधी गोष्ट नाही.

मग पत्र आलं. 'अर्जदार दिलेल्या ठिकाणी राहतो काय व स्थानिकांत मिसळला आहे काय, याची अधिकारी समक्ष येऊन चौकशी करतील.' दिवस लिहिला नव्हता. इथे माझ्या स्वाभिमानाने घोळ घातला. द्रिता म्हणाली, "गावाला सांगून ठेवा." मी म्हणालो, "छे. त्यांना काय सांगायचंय? सगळा गाव ओळखतो मला. आणि बोलून दाखवलं की दृष्ट लागते." त्यानंतर तीन आठवडे मी सूट घालून दगड घडवले. लोक विचारायचे, कुणी गेलंय का रे? मी म्हणायचो, नाही, हवा जरा थंड आहे. द्रिता रोज सकाळी पालेभाजी आणि चीज घालून थाळाभर पीता भाजायची आणि रोज संध्याकाळी आम्हीच ती खायचो. तिसऱ्या आठवड्यात सूट पोटावर बसेना. म्हणून त्या मंगळवारी मी तो खुंटीला टांगला, कामाचे कपडे घातले आणि चर्चमागचा गडगा दुरुस्त करायला गेलो.

त्याच मंगळवारी अधिकारी आले.

पुढचा भाग मी नंतर अकरा जणांकडून अकरा तऱ्हांनी ऐकला. त्यातलं जे सगळ्यांच्या सांगण्यात सारखं होतं तेवढंच लिहितो. राखाडी गाडी, दारावर सरकारी चिन्ह. आतून झिसिस नावाचे गोलमटोल गृहस्थ उतरले, काखेत फाईल. दुकानात येऊन विचारतात, "बेस्निक जोका कुठे राहतो?"

पागोनाने पेला पुसता पुसता विचारलं, "कोण?"

"बेस्निक जोका. मूळचा अल्बानियाचा."

आता ते नाव तिने जन्मात ऐकलेलं नव्हतं. पण फाईल पाहिली होती, गाडीवरचं चिन्ह पाहिलं होतं. तिला वाटलं, कुणीतरी नवा बिचारा डोंगर उतरून आलाय. म्हणाली, "या नावाचं इथे कुणी नाही साहेब. कधीच नव्हतं. कॉफी गोड की कमी?"

साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी उभ्या आयुष्यात पोरांना खरं बोलायला शिकवलेलं. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मी या गावातली चार पिढ्यांची हजेरी घेतली आहे. असं नाव हजेरीत नाही." तेही खरंच, कारण माझ्या मुलीला त्यांनी हजेरीत 'लांब्रोसची अर्येता' असंच लिहिलं होतं. कोपऱ्यातल्या धनगराने तर न विचारताच शपथ घेतली, की अल्बानियाचा माणूस दिसतो कसा हेच त्याला ठाऊक नाही. म्हणताना त्याने अंगात माझं जुनं जाकीट घातलं होतं.

"गवंडीकाम करतो असं लिहिलंय," साहेब म्हणाले.

तेव्हा आर्गिरिस मिस्त्रींनी काठीवरची हनुवटी उचलली. त्यांना माझं खरं नाव माहीत होतं. गावात माहीत असलेले ते आणि आजी, दोघंच. ते म्हणाले, "या गावात गवंडी एकच. तुमच्यासमोर बसलाय." आणि समोरच्या भिंतीकडे बोट केलं. साहेबांनी जाऊन दगडावरचं नाव वाचलं आणि फाईलीत टिपून घेतलं.

एवढ्यात आजीला गच्चीवरून गाडी दिसली. आजी आता अठ्ठ्याऐंशीची. गुडघे गेले, दात गेले, गळा मात्र होता तिथेच होता.

"लांब्रोऽऽ! बकऱ्या वेलीत शिरल्या रेऽऽ!"

मी चर्चमागे होतो. पंचावन्न वर्षांचा, खिशात पक्क्या रहिवाशाचं ओळखपत्र. माझ्या हातांनी दगड हळूच खाली ठेवला. आणि पाय निघाले. मी पायांना सांगत होतो, अरे थांबा, आपली माणसं आहेत, आपणच अर्ज केलाय. पण पाय माझं ऐकतात कुठले, ते आजीचं ऐकत होते. संत इलियाचं देऊळ मागे पडलं, काटेरी झुडपं मागे पडली, आणि भान आलं तेव्हा मी धनगराच्या वाड्यात मेंढ्यांमध्ये उकिडवा बसलो होतो. एक मेंढी माझ्याकडे 'बऱ्याच दिवसांनी' अशा नजरेने पाहत होती.

आधी लाज वाटली. मग कुडातून खाली पाहिलं. राखाडी गाडीभोवती माणसं जमली होती. पागोना हात पसरून दरीकडे दाखवत होती, गुरुजी नेमके उलट दिशेला, आणि आजी गच्चीवरून नसलेल्या बकरीला हाकलत होती. अख्खं गाव एका अनोळखी माणसासाठी खोटं बोलत होतं, आणि तो अनोळखी माणूस मी होतो. खरं सांगतो, तिथे मेंढ्यांत बसून माझी छाती अशी फुगली की सूट असता तर बटणं तुटली असती. ज्या गावाने मला इतक्या मनापासून नाकारलं, ते गाव माझं नाही असं आता कोण म्हणेल?

मग आठवलं, साहेब म्हणेल. मी उठलो आणि अंगाला लेंडीकाड्या तशाच घेऊन खाली पळत सुटलो.

साहेब गाडीत बसत होते. मी धापा टाकत म्हणालो, "मी बेस्निक जोका."

"शक्य नाही," साहेब म्हणाले. "सहा जणांनी सांगितलंय, असा माणूस नाही. मी लिहून घेतलंय."

"अगं बाई, हा तर लांब्रोस!" पागोना ओरडली. "अरे मेल्या, तुला दुसरं नाव आहे आणि आम्हाला सांगत नाहीस? तीस वर्षं माझी कॉफी पितोस!"

"तुम्ही पळालात का?" साहेबांनी मला विचारलं.

तेवढ्यात आजी काठी आपटत पोचली. "साहेब, मी हाक मारली म्हणून पळाला. पाच वर्षं ह्याच्यासाठी घसा फोडलाय मी. हा आमचा नसता तर काय वाऱ्यासाठी ओरडत होते?"

"म्हणजे पोलिसांपासून तुम्ही..."

"ती बकऱ्यांविषयी बोलतेय," गुरुजी घाईने म्हणाले.

"साहेब, द्रिताने पीता केलीय," पागोना म्हणाली. "गरम आहे."

मग सहा जबाब फाडले गेले आणि नवे सहा लिहिले गेले. प्रत्येकाला सही करण्याआधी भाषण करायचं होतं. धनगराने माझं जाकीट काढून पुरावा म्हणून टेबलावर ठेवलं. शेवटी साहेबांनी मिस्त्रींपुढे कागद धरला. "हा तुमच्याकडे कामाला होता?"

मी मिस्त्रींकडे पाहिलं. मघाचं वाक्य मला तोवर धनगराने सांगितलं होतं. गावात गवंडी एकच. ते मला वाचवायला खोटं बोलले, की नेहमीचंच बोलले?

"होता," मिस्त्री म्हणाले. "इथेच राहतो." सही केली, काठी उचलली आणि भिंतीच्या कडेकडेने, तिच्याकडे न बघता घरी निघून गेले. मी हातातला पीतेचा तुकडा परत थाळ्यात ठेवला.

फाईलीतला शेवटचा रकाना होता, 'अर्जदार स्थानिकांत मिसळला आहे काय?' साहेबांनी गर्दीकडे पाहिलं. पेन खाली ठेवलं, पीतेचा आणखी एक तुकडा घेतला, पेन उचललं आणि लिहिलं, 'मिसळला आहे. वेगळा काढता आला नाही.'

हे वाक्य मी चौकट करून भिंतीवर लावणार होतो, पण सरकार मूळ प्रत देत नाही.

दीड वर्षाने पत्र आलं. शपथ घेताना माझा आवाज चिरकला. मागून आजी सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटली, "मोठ्याने म्हण रे, बकऱ्या गेल्या आता."

आणि मग ऑक्टोबरात गावची निवडणूक. सूट, अर्ध्याची पुन्हा पुरी झालेली मिशी, खिशात नवं ओळखपत्र. द्रिताने दोनदा कॉलर नीट केली. पागोनाने दुकानाला चक्क कुलूप लावलं होतं. शाळेच्या दारापर्यंत रांग, आणि मी आलो तशी रांग बाजूला सरकली. "पहिला लांब्रोस!" कुणीतरी म्हणालं. मी पायरीवर पाय ठेवला.

"थांब."

भिंतीच्या कोपऱ्यापाशी आर्गिरिस मिस्त्री उभे होते. एका हातात काठी, दुसऱ्यात छिन्नी.

"ही भिंत मी बांधली नाही," ते म्हणाले. माझ्याशी नव्हे, सगळ्यांना. "तेव्हा मी अंथरुणात होतो. एक दगड लावला नाही मी. ह्याने बांधली, एकट्याने. ह्याचं नाव कोरलं असतं तर दुसऱ्या दिवशी ह्याला धरून नेलं असतं. म्हणून माझं कोरलं. तोवर ठीक होतं."

त्यांनी काठी दुसऱ्या पायाकडे सरकवली.

"पुढे ह्याला कागद मिळाले. तेव्हाच खोडायचं होतं. पण तोवर लोक मला शाबासकी द्यायला लागले होते, आणि ती मला गोड लागली. त्या दिवशी साहेबाला म्हणालो, गवंडी एकच. म्हणालो आणि रात्रभर डोळा लागला नाही."

चिनाराखाली गाढवाने कान झटकले. मिस्त्रींनी छिन्नी माझ्या हातात दिली, तळवा भिंतीवर ठेवला, आणि झोपलेल्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा हळूच फिरवला.

"अठ्ठावीस हिवाळे गेले," ते म्हणाले. "भिंत चांगली झालीय, बेस्निक."